विहीणबाई मकावच्या, त्यांना हाक काय मारू?

डिचोलीची माई:

नमस्कार मंडळी. माझी थोरली लेक मकावला एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. तिथलाच मुलगा तिने पसंत केलाय. मुलगा शांत, कामसू. गेल्या चवथीला घरी आला होता, माटोळीखाली उभा राहून एकेका फळाचं नाव विचारत होता आणि जेवताना सोलकढी मागून मागून प्यायला. ह्यांनी तिथेच निकाल देऊन टाकला. माझीही हरकत नाही.

अडचण निराळी आहे. डिसेंबरात मुलाचे आईवडील, एक काका-काकू आणि आजी साखरपुड्याला डिचोलीला येतायत. घरी सगळे कँटोनीज बोलतात. मुलाच्या आईला इंग्रजी जेमतेम, आजीला बिलकूल नाही. मी म्हटलं, निदान हाक मारण्यापुरती नाती शिकून ठेवावी. फोनवरच्या ॲपात ‘नवऱ्याची आई’ विचारलं तर ‘फो-फो’ ऐकू आलं. लेकीला सांगितलं तर ती किंचाळलीच. म्हणे आई, चुकूनही असं म्हणू नकोस, नवऱ्याच्या आईला ‘नाय-नाय’ म्हणतात. आता दारात आलेल्या विहिणीला ओवाळताना मी नाय-नाय म्हटलं तर आमच्या गल्लीत काय अर्थ घेतील ते तुम्हीच सांगा.

लेक म्हणते, तू नुसतं हसून हॅलो म्हण. विहिणीला हॅलो? माझ्याने व्हायचं नाही.

आणखी एक. मुलगा तिला मेसेजमध्ये ‘लोउ-फो’ लिहितो. अर्थ विचारला तर लाजून फोन ठेवला. बरा शब्द आहे ना?

पर्वरीचा पक्या:

माई, उगाच डोकं शिणवू नका. आंटी-अंकल म्हणा. हाँगकाँगचे लोक आपसात कँटोनीज बोलतानासुद्धा मैत्रिणीच्या आईला आंटीच म्हणतात, माझा रूममेट तिथलाच होता. नाहीतरी ते चार दिवस राहणार, मासे खाणार, दूधसागर बघणार आणि जाणार.

हार्बरचा आचारी (पेडणे):

पक्या, तुझा रूममेट खरं तेच बोलला, पण ते मैत्रिणीच्या आईचं झालं. माई मैत्रीण म्हणून जात नाहीयेत, व्याही होतायत. तिथे आंटी म्हणणं म्हणजे आपल्याकडे व्याह्यांना ‘ओ भाऊ’ म्हणण्यासारखं. रागावणार कोणी नाही, पण लक्षात राहील.

मी हाँगकाँगच्या हॉटेलांच्या किचनमध्ये उमेदीची वर्षं घालवली, आता पेडण्यात काजू बघतो. ती भाषा मी वर्गात शिकलो नाही. वोक धुणाऱ्या बायांकडून आणि दुपारच्या सुट्टीत एकत्र जेवताना शिकलो, त्यामुळे चांगल्याबरोबर वाईटही शिकलो. माई, तुम्हाला चांगलंच तेवढं सांगतो. एकदोन वाईट शब्द मात्र सांगावेच लागतील, का ते पुढे कळेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. आपल्याकडे मोठ्या माणसाला ‘तुम्ही’ म्हटलं की निम्मा मान देऊन झाला. कँटोनीजमध्ये बोलताना तू आणि तुम्ही असं वेगळं नाही. आजोबालाही ‘नेय’ आणि कुत्र्यालाही ‘नेय’. मग मान कुठे ठेवायचा? तो सगळा हाकेत. पाहुणा घरात आला की तिथली आई पोराला ढोसते, ‘किउ-यान!’ म्हणजे माणसांना हाक मार. पोराने ओळीने प्रत्येकाचं नातं उच्चारायचं, आजोबा, आत्या, मोठे काका. तेवढं केलं की पोर वळणाचं. नमस्कार, कसे आहात, प्रवास कसा झाला, हे सगळं नंतर. म्हणून तुमची लेक हॅलो म्हणायला सांगते ते मला पटत नाही. तुम्ही नुसतं नातं नीट उच्चारलंत आणि पुढे एक शब्द बोलला नाहीत तरी काम झालं.

आता मुद्द्याचा शब्द. मुलीच्या सासरच्यांना आणि मुलाच्या सासरच्यांना, दोन्हीकडच्या व्याह्यांना तिथे एकच नाव, ‘छान-का’. खरंच. चेष्टा नाही. पुरुष असेल तर छान-का लोउ-ये, बाई असेल तर छान-का नाय-नाय. तुम्ही विहिणीसमोर ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या राहणार आणि म्हणणार, छान-का नाय-नाय! गल्लीतल्यांना वाटेल माई स्वतःच विचारते आणि स्वतःच उत्तर देते. वाटू दे. समोरच्या बाईच्या चेहऱ्याकडे बघा म्हणजे झालं.

उच्चाराचं बघू. कँटोनीज इंग्रजी अक्षरांत लिहिलेली वाचू नका, आपली नागरी लिपी त्या भाषेला जास्त जवळची आहे. त्यांच्यात ग, ड, ब असे घोगरे आवाज नाहीतच. क आणि ख, त आणि थ, प आणि फ असा फरक मात्र आहे, आणि तो आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो. इंग्रजीवाले जिथे जी लिहितात तिथे खरा आवाज क. च म्हणाल तर चमच्यातला, चहातला नव्हे. फ जपून घ्या. ‘फो’मधला फ फणसाचा, ओठ मिटून. ‘पाक-फू’मधला फ फॅनचा. राहिले सूर. ते सहा आहेत आणि तिथे आपली गाडी अडते. ‘मा’ वरच्या सुरात म्हटलं तर आई, खालच्या सुरात दोनदा म्हटलं तर बापाची आई, आणखी एका सुरात घोडा. घाबरू नका, नात्याच्या हाका जोडशब्दांत असतात म्हणून सूर थोडा घसरला तरी कळतं. नाय-नायमधला पहिला नाय खाली ठेवा, दुसरा प्रश्न विचारल्यासारखा वर चढवा. लेकीकडून आवाज रेकॉर्ड करून मागवा आणि भाजी चिरताना लावून ठेवा.

लोउ-फो म्हणजे बायको. बरा शब्द आहे, घरगुती आहे. ‘लोउ’ म्हणजे खरं तर म्हातारा, जुना, पण तिथे वयाशी संबंध नाही, जवळीक दाखवायला लावतात. नवरा लोउ-कुङ, बायको लोउ-फो, बाप लोउ-ताउ, दोस्त लोउ-याउ. काल लग्न झालेलं पोरगंही बायकोला लोउ-फो म्हणतं, आणि हल्ली लग्न ठरायच्या आधीच म्हणतात. तुमचा जावई काही वावगं लिहीत नाहीये.

लोउ-ताउवरून आईला लोउ-मोउ म्हणत असतील असा तर्क मात्र कोणी लढवू नका. शब्द आहे, पण त्यांच्या सगळ्यात घाण शिवीचं शेपूट तेच. पाहुण्यांसमोर आईला आ-मा म्हणायचं, विषय संपला.

जावई तुमचा उल्लेख ‘ङोय-मोउ’ असा करेल आणि तुमच्या ह्यांचा ‘ङोय-फू’. तरुण मुलं सुरुवातीचा ङ गिळतात, त्यामुळे ‘ओय-मोउ’ ऐकू येईल. ‘ङोय’ म्हणजे बाहेरचा. बाहेरची आई, बाहेरचा बाप. ऐकून वाईट वाटून घेऊ नका. बापाचं घर ते आतलं आणि आईचं, बायकोचं माहेर ते बाहेरचं, अशी जुनी मांडणी आहे. आपण तरी ‘परक्याचं धन’ म्हणतोच की.

एक सांगा, येणारी आजी कुणाची आई? मुलाच्या बापाची की आईची? आणि काका बापापेक्षा थोरले की धाकटे? त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

ताळगावची चिऊ:

काका, मी विद्यापीठात मँडरिनचा सर्टिफिकेट कोर्स करते. आम्हाला नवऱ्याची आई म्हणजे ‘फो-फो’ असंच शिकवलंय. आणि ‘नाय-नाय’ म्हणजे बापाची आई. मग माईंच्या ॲपचं काय चुकलं?

हार्बरचा आचारी (पेडणे):

चिऊ बाय, ॲपचं काही चुकलं नाही. ते मँडरिन बोललं. लिहायला अक्षरं तीच, पण माणसं बदलतात. मँडरिनमध्ये फो-फो म्हणजे नवऱ्याची आई, कँटोनीजमध्ये आईची आई. मँडरिनमध्ये कुङ-कुङ म्हणजे नवऱ्याचा बाप, कँटोनीजमध्ये आईचा बाप. नाय-नाय मँडरिनमध्ये आजी, कँटोनीजमध्ये सासू. म्हणजे तू बीजिंगचं पुस्तक घेऊन मकावच्या घरात शिरलीस तर सासूला आजी करशील आणि आजीला सासू. बाई पन्नाशीची असेल तर तुझं काही खरं नाही.

पर्वरीचा पक्या:

😂 छान-का नाय-नाय. मी माघार घेतली. साखरपुड्याला बोलवा.

डिचोलीची माई:

आचारीभाऊ, देव तुमचं भलं करो. आजी मुलाच्या आईची आई. काका बापापेक्षा थोरले.

पण लेकीने आता नवीनच काढलंय. म्हणते जानेवारीत मकावला चहाचा विधी आहे, त्यात तिने गुडघे टेकून सगळ्यांना चहा द्यायचा. हे ऐकून माझ्या सासूबाईंनी तोंड फिरवलं. मी गप्प बसले, पण मलाही थोडं टोचलंच.

हार्बरचा आचारी (पेडणे):

आईची आई म्हणजे फो-फो! बघा, ॲपने दिलेला शब्द शेवटी योग्य डोक्यावर बसला. तुमची आजी नाही ती, पण तिथे मुलांच्या बाजूने हाक मारायची पद्धत आहे, आपण नाही का नातू झाल्यावर नवऱ्याला ‘अहो आजोबा’ म्हणायला लागत? शिवाय कुठल्याही म्हाताऱ्या बाईला फो-फो म्हटलेलं चालतं. थोरले काका पाक-फू, त्यांची बायको पाक-नोङ. धाकटे असते तर सुक-सुक आणि साम-साम झाले असते. वय विचारल्याशिवाय तिथे काका होत नाही. मामाला मात्र थोरला असो धाकटा असो, खाउ-फू.

चुलत-मामेच्या बाबतीत आपण वरचढ. आपल्याकडे चुलत, आते, मामे, मावस असे चार कप्पे. त्यांच्याकडे बापाच्या भावाची मुलं तेवढी ‘थोङ’, बाकी सगळी एका पोत्यात, ‘पिउ’. उलट थोरला भाऊ ताय-लोउ, धाकटा साय-लोउ, हा भेद ते कधी सोडत नाहीत. नुसता ‘भाऊ’ असा शब्द सापडत नाही. ताय-लोउ गुंडांच्या म्होरक्यालाही म्हणतात, तेव्हा पोलिसठाण्यात जपून. थोरली बहीण का-चे. ‘चे-चे’ही म्हणतात, पण हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायांनाही पोरं चे-चे म्हणूनच हाक मारतात.

आणि साडू! मला वाटायचं साडू हे नातं फक्त आपल्याच लोकांना सुचलं असेल. तर तिथे आहे, खाम-हिङ आणि खाम-ताय, थोरला साडू आणि धाकटा साडू. ‘खाम’ म्हणजे अंगरख्याचा पुढचा पदर. दोघे एकाच पदराला बांधलेले. किचनमध्ये माझ्या हाताखाली असे दोघे होते, दिवसभर एकमेकांची उणीदुणी काढायचे आणि पगाराला एकत्र जाऊन दारू प्यायचे. भाषा कोणतीही असो, साडू तो साडूच.

मला सगळ्यात आवडलेला प्रकार सांगतो. आपण मायलेकी, बापलेक, नवराबायको असं जोडून म्हणतो ना, तसं तेही म्हणतात, पुढे ‘दोन’ लावून. लोङ कुङ-फो म्हणजे दोघं नवराबायको. लोङ चाय-ये म्हणजे बापलेक. लोङ चाय-ना म्हणजे मायलेक. रस्त्याने जोडी चालली की बाया म्हणायच्या, ते बघ लोङ कुङ-फो. लेक माहेरी आली की तुम्हा दोघींना आजी लोङ चाय-ना म्हणेल, ते ऐकून ठेवा.

आणि प्रेमाबिमाचं. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं नवराबायको तोंडाने फारसे म्हणत नाहीत. ‘चुङ-यी’ म्हणतात, म्हणजे आवडतेस. पोराबाळांसाठी ‘सेक’. सेक म्हणजे मुका घेणंही आणि जीव लावणंही. आजी नातवाला फार ‘सेक’ करते असं म्हणतात. नाहीतर मग ‘सिक चो फान मेय’, जेवलास का? आई फोनवर हेच विचारते, बायको हेच विचारते. आमचं गोंयकारांचं काही वेगळं आहे का?

गुडघ्यांचं मला फारसं सांगता यायचं नाही. मी लग्नांत चहा नाही, आठवा कोर्स वाढत असायचो.

ताईपाची सूनबाई:

मी मूळची म्हार्दोळची, आता मकावला ताईपात राहते. माई, मी स्वतः त्या उशीवर गुडघे टेकलेत, तेव्हा सांगते.

एकटी मुलगी टेकत नाही. दोघं टेकतात, नवरासुद्धा. आणि दोन्हीकडे टेकतात. मुलीकडच्या थोरांनाही असाच चहा द्यायचा असतो, त्या वेळी तो तुमच्यापुढे आणि तुमच्या सासूबाईंपुढे गुडघे टेकणार. हे त्यांना आधी सांगा, तोंड आपोआप सरळ होईल. आपल्याकडे वाकून पाया पडतातच. हल्ली बरीच जोडपी नुसती वाकून चहा देतात, तेही चालतं. घरच्यांशी बोलून ठरवा.

चहात बहुधा लाल खजुरासारखी सुकी फळं आणि कमळाच्या बिया असतात. मुलंबाळं लवकर होवोत म्हणून. मानाच्या क्रमाने एकेका जोडीला बसवतात. मुलगी दोन्ही हातांनी कप धरते आणि म्हणते, ‘लोउ-ये, याम छा’. सासरे, चहा घ्या. मग ‘नाय-नाय, याम छा’. सगळा विधी म्हणजे आचारीकाका म्हणाले ती हाकच. सासू एक घोट घेते, लाल पाकिटात पैसे देते, त्याला लाय-सी म्हणतात, आणि बहुतेक वेळा सोनं घालते. ड्रॅगन-फिनिक्सच्या जाड बांगड्यांची जोडी असते. त्या क्षणापासून ती नाय-नाय. त्याआधी माझ्या सासूला मी आंटीच म्हणत होते, तेव्हा पक्यादादा तेवढ्यापुरते बरोबर. आता रोजच्या बोलण्यात मी नवऱ्याचं ऐकून मम्मीच म्हणते, पुष्कळ सुना तसंच करतात. लोउ-ये आणि नाय-नाय चारचौघांत आणि सणाला.

नावं विसरली तर? त्यासाठी ‘ताय-खाम-चे’ भाड्याने मिळते. लग्नात नवरीसोबत असणारी अनुभवी बाई. कानात नातं सांगते, साडी... म्हणजे त्यांचा तो लाल भरजरी क्वा सावरते, आणि प्रत्येक कपामागे शुभ शब्दांचं यमक जुळवते. आपली पाठराखीण आणि उखाणे घेणारी आत्या एकाच पगारात. माझीने एवढी बडबड केली की सासरे चहा विसरून हसत बसले.

मुलाची ‘खाय-मा’ येणार आहे का विचारून ठेवा. मानलेली आई. खाय-ये मानलेला बाप, खाय-चाय मानलेला मुलगा, खाय-नोय मुलगी. पोर सारखं आजारी पडत असेल तर दुसऱ्या कुणाच्या ओटीत घालतात, कधी देवाच्याही. आपल्या किरिस्तांव शेजाऱ्यांकडे पाद्रीन-माद्रीन असतात ना, तितकाच मान. चहात तिचा नंबर असतो आणि तो चुकला तर वर्षभर पुरतं. मात्र ह्या ओळीत मानलेला धाकटा भाऊ म्हणून ‘खाय-ताय’ म्हणू नका, ती शिवी आहे.

जीवश्च कंठश्च मित्र तिथे ‘सेय-तोङ’. शब्दशः बघाल तर मरणाची टोळी. करवल्यांच्या जागी नवरीच्या मैत्रिणींची ही टोळी असते आणि नवऱ्याला दारात अडवून भरपूर पैसे उकळते. तुमच्याकडून कुणी जाणार असेल तर घासाघीस करणारी पाठवा.

चिंबलचा वाटाड्या:

विषय थोडा सोडून. त्या आजीला जुन्या गोंयला नक्की न्या. फ्रान्सिस झेवियर १५५२ साली वारला तो क्वांगतुङच्या किनाऱ्याजवळच्या सांच्यांव बेटावर, मकावपासून लांब नाही. तेव्हा मकाव वसलंही नव्हतं, पोर्तुगीज तिथे १५५७ मध्ये स्थिरावले. आणि १८४४ पर्यंत मकावचा कारभार आपल्या गोव्यातून चालायचा. तिथली मंडळी बॉम जेझूत, म्हणजे झेवियरचं शव ठेवलंय त्या जुन्या गोंयच्या चर्चमध्ये, आली की हे ऐकून चकित होतात. तिकडचं एक सांगायचं तर, मकाव हे नाव आ-मा देवीच्या देवळावरून पडलं असं मानतात, तोच ‘मा’ जो आईचा.

डिचोलीची माई:

सासूबाईंना सांगितलं की तो तुमच्यापुढेही गुडघे टेकणार. लगेच विचारलं, मग मला त्याला पाकिटात किती घालावे लागतील?

ताईपाची सूनबाई:

रक्कम तुमच्या ऐपतीने, पण चार आकडा नको. कँटोनीजमध्ये चार आणि मरण ह्यांचे उच्चार जवळजवळ सारखे, फक्त सूर वेगळा. आठ शुभ. पाकीट लालच हवं, पांढरं अजिबात नको, ते मयताला. आपल्याकडचा वरचा सुटा रुपया मात्र लावू नका, तिथे लग्नाला सम रक्कम देतात. आणि आजींना चहाला वेगळी खुर्ची द्या, पाठ टेकायला असलेली.

डिचोलीची माई:

सम? आमच्या सासूबाई एकशे एकच्या खाली येणार नाहीत. बघते समजावून. आचारीभाऊ, डिसेंबरात पेडण्याहून या. खतखतें तुम्हीच करायचं, आणि मी छान-का म्हणताना मागे उभं राहायचं.

हार्बरचा आचारी (पेडणे):

येतो. खतखत्यात तिरफळं थोडी कमी घालू, आजीला सवय नसेल. दुसरा नाय वर चढवायला विसरू नका.